‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची पडद्यावरची रूपांतरं पारखायची कशी? नवख्यांसाठी क्रमवार

गोव्यातल्या मराठी प्रेक्षकाला एकच संहिता चार वेळा चार संचांकडून बघायची सवय असते. जत्रेतलं नाटक संपायच्या आतच मांडवात कोणीतरी म्हणतं, ‘गेल्या वर्षीचा संभाजी बरा होता.’ कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेलाही हाच प्रेक्षक जातो. संहिता कुठे कापली, नेपथ्याने कुठे सांभाळून घेतलं, हे त्याला बरोबर दिसतं. मात्र त्याच माणसासमोर विज्ञानकादंबरीवरचा सिनेमा आला की तो दोनच वाक्यं बोलतो: ‘पुस्तकासारखा नाही’ किंवा ‘इफेक्ट्स भारी’. नाटक पाहताना वापरतो तीच नजर सिनेमाला लावायची, एवढाच या लेखाचा उद्देश.

उदाहरणासाठी एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ घेतली आहे. मंगळावरचे जीव इंग्लंडवर हल्ला करतात, माणूस हरतो आणि शेवटी हल्लेखोर पृथ्वीवरच्या सूक्ष्मजंतूंनी मरतात, एवढं कथानक बहुतेकांना माहीत असतं. कादंबरी १८९७ साली मासिकात क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने. तेव्हापासून पडद्यावर तिची इतकी रूपं झाली आहेत की सरावाला याहून चांगली कादंबरी सापडणं कठीण.

जवळ काय हवं

मूळ इंग्रजी पुस्तक. वेल्स १९४६ साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २००७ पासून हा मजकूर भारतात मुक्त आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरून फुकट आणि कायदेशीर उतरवून घेता येतो. छापील प्रत हवी असेल तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आधी चौकशी करा. मराठी अनुवाद वाचणार असाल तर प्रकरणं मोजा. मुळात दोन भाग आहेत, पहिल्यात १७ प्रकरणं आणि दुसऱ्यात १०. तुमच्या हातात १२-१५ प्रकरणांचं पुस्तक असेल तर तो संक्षेप आहे, आणि त्यावरून कोणत्याही दिग्दर्शकाला ‘हे गाळलं’ म्हणून दोष देता येत नाही.

किमान दोन सिनेमे: १९५३ चा (निर्माता जॉर्ज पाल, दिग्दर्शक बायरन हास्किन, ८५ मिनिटं) आणि २००५ चा स्टीव्हन स्पीलबर्गचा (११६ मिनिटं). उत्साह असेल तर २०१९ ची बीबीसीची तीन भागांची मालिका. त्याच वर्षी आजच्या युरोपात घडणारी आठ भागांची दुसरी एक मालिका सुरू झाली, पण ती नवख्यांनी शेवटी ठेवावी. तिने कादंबरीतून जवळजवळ फक्त नाव आणि हल्ला घेतला आहे.

शिवाय वही, पेन्सिल, हेडफोन आणि दोन आठवडे. पावसाळ्यात करणार असाल तर दिवसाउजेडी बघायचा मोह टाळा. १९५३ च्या सिनेमातले काळोखे प्रसंग खिडकीच्या उजेडात धुऊन निघतात.

१. आधी पुस्तक, तेही खुणा करत

सुमारे साठ हजार शब्द आहेत, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. सगळीकडे खुणा करू नका. फक्त या चार जागा पेन्सिलीने धरून ठेवा.

पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण. इथे टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा उल्लेख येतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी पन्नास वर्षांत त्यांचा जवळजवळ नायनाट केला, मग मंगळावरच्यांनी तेच आपल्याशी केलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असा वेल्सचा रोख आहे. साम्राज्याच्या ऐन भरात लंडनच्या वाचकाला विचारलेला हा प्रश्न आहे. १५१० ते १९६१ अशी ४५१ वर्षं परक्या सत्तेखाली काढलेल्या मुलखात हा परिच्छेद समजावून सांगावा लागत नाही. तरी इथेच एक सावधगिरी: वेल्सचा निवेदक वसाहत करणाऱ्यांपैकी आहे, झालेल्यांपैकी नाही. भीती त्याला वाटते ती आपली पाळी आल्याची.

पहिल्या भागातलं १७ वं प्रकरण. निर्वासितांनी भरलेल्या बोटी समुद्राकडे निघाल्या आहेत आणि ‘थंडर चाइल्ड’ ही युद्धनौका मंगळावरच्यांच्या तिपायी यंत्रांवर सरळ चालून जाते. दोन यंत्रं पाडते आणि स्वतः बुडते.

दुसऱ्या भागातली पहिली चार प्रकरणं, म्हणजे पडक्या घरातला कोंडवास. यावर पुढे सविस्तर.

आणि शेवटाची तयारी. ही जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जंतूंनी मरणं हा ‘ऐनवेळी देव धावून आला’ असा शेवट आहे, अशी तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. पण वेल्सने त्याची पेरणी तीनदा केली आहे. पहिल्याच परिच्छेदात सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात वळवळणाऱ्या जीवांची उपमा आहे. दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात, मंगळावर सूक्ष्मजंतू कधी नव्हते किंवा त्यांनी ते केव्हाच संपवले, असं स्पष्ट वाक्य आहे. सहाव्या प्रकरणात मंगळावरून आलेलं लाल तण जिवाणूंमुळे सडताना दिसतं. एवढं झाल्यावर आठव्या प्रकरणात मेलेले हल्लेखोर सापडतात. म्हणून रूपांतर पारखताना ‘शेवट तोच आहे का’ हे विचारू नका, ‘पेरणी केली का’ हे विचारा.

२. खांब कोणते, भिंती कोणत्या

जुनं घर दुरुस्त करताना गवंडी आधी भार कशावर आहे ते बघतो. नळे बदलता येतात, बलकाव वाढवता येतो, पण भार घेणारा खांब काढला तर छप्पर खाली येतं. कादंबरीचंही तसंच. स्थळ, काळ, पात्रांची नावं, यंत्रांचा आकार या बहुधा भिंती असतात. खांब शोधायची कसोटी अशी: ही गोष्ट काढली तर बाकीची कथा त्याच अर्थाने उभी राहते का?

या कादंबरीत चार खांब धरता येतात. एक, उलटलेली वसाहत, म्हणजे राज्य करणाऱ्यावर राज्य येणं. दोन, निवेदक वीर नाही. त्याला नावही नाही, तो लपतो, पळतो, बघतो. तीन, माणसाचा प्रतिकार थोडा आणि महागडा आहे, पण शून्य नाही: तोफेच्या गोळ्याने एक यंत्र पडतं, युद्धनौका दोन पाडते. चार, सुटका माणसाच्या कर्तृत्वाने होत नाही.

तुमचे खांब वेगळे निघाले तरी हरकत नाही. अट एकच: ते सिनेमा बघण्याच्या आधी कागदावर उतरलेले हवेत. नंतर लिहिलेत तर आवडलेल्या सिनेमाच्या सोयीचे खांब आपोआप सुचतात.

३. हे नेमकं कशाचं रूपांतर आहे?

श्रेयनामावलीत ‘कादंबरीवर आधारित’ असतं, म्हणून सगळं कादंबरीतूनच आलं असं नाही. ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सने ही कथा रेडिओवर बातमीपत्राच्या थाटात सादर केली आणि हल्ल्याची जागा न्यू जर्सीत नेली. (कादंबरीकार वेल्स आणि हा वेल्स यांचं नातं नाही. लिहिताना दोघांची पूर्ण नावं लिहा.) स्पीलबर्गचा सिनेमा न्यू जर्सीत सुरू होतो तो या रेडिओ-नाट्याच्या वळणाने. त्याच सिनेमात शेवटी दारात उभे राहणारे आजी-आजोबा म्हणजे १९५३ च्या सिनेमातले नायक-नायिका जीन बॅरी आणि अ‍ॅन रॉबिन्सन. म्हणजे हा सिनेमा एकाच वेळी तीन पूर्वजांशी बोलतो. वहीत प्रत्येक मोठ्या बदलापुढे ‘पुस्तक’, ‘रेडिओ’, ‘५३’ किंवा ‘स्वतःचं’ असं लिहा. नाहीतर एकाच्या कल्पनेचं श्रेय दुसऱ्याला जातं.

४. प्रत तपासा, टीव्ही तपासा

निम्मे चुकीचे निकाल इथे लागतात.

१९५३ चा सिनेमा जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झाला आहे. आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायला हवेत. पडदा भरून दिसत असेल तर चित्र वरून-खालून कापलेलं आहे किंवा ताणलेलं.

दुसरी तक्रार तारांची. यंत्रांची प्रतिकृती बारीक तारांवर टांगली होती आणि कित्येक प्रतींत त्या तारा ढळढळीत दिसतात. टेक्निकलर या जुन्या रंगीत पद्धतीने काढलेल्या मूळ प्रतींत त्या फारशा दिसत नसत. पुढे वेगळ्या प्रकारच्या फिल्मवर काढलेल्या उजळ प्रतींनी त्या उघड्या पाडल्या. अलीकडच्या फोर-के दुरुस्तीत हा दोष काढला आहे. ‘तारा दिसतात, म्हणून काम कच्चं’ असं लिहिण्याआधी कोणती प्रत पाहिली ते लिहा. या सिनेमाला विशेष दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं होतं, हेही ध्यानात असू द्या.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय असतो, तो बंद करा. तो चालू असेल तर स्पीलबर्गचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. जुनी युरोपीय डीव्हीडी वापरत असाल तर ती सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळते. ११६ मिनिटांचा सिनेमा १११ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढतो. काही कापलेलं नाही, घाबरू नका.

५. दोनदा बघा

पहिल्यांदा वही बंद, रिमोट लांब. सिनेमा म्हणून पकडतो की नाही हे तेव्हाच कळतं. दुसऱ्यांदा वही उघडी, हवं तिथे थांबवा. दोन्हींच्या मध्ये एक रात्र तरी जाऊ द्या. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी या चित्रपट महोत्सवाला दिवसाला चार सिनेमे बघून रात्री निकाल देणारी मंडळी भेटतात. रांगेतल्या गप्पांना ते ठीक, तुलनेला नाही.

क्रम निर्मितीच्या सालाप्रमाणे ठेवा. नवा आधी बघितला तर जुना बिचारा मंद वाटणारच.

६. एक प्रसंग घ्या आणि सोलून काढा

सगळ्या सिनेमाची तुलना करायला बसाल तर हाती मोघम वाक्यं येतील. एकच प्रसंग निवडा. इथे पडक्या घराचा घेऊ.

कादंबरीत निवेदक एका धर्मोपदेशकाबरोबर कोसळलेल्या घरात अडकतो. बाहेर मंगळावरचे जीव काम करताहेत, फटीतून दिसतात. उपदेशक अन्न संपवतो, रडतो, शेवटी मोठ्याने ओरडू लागतो. निवेदक मांस तोडायचा सुरा उचलतो आणि ऐनवेळी पातं मागे फिरवून मुठीच्या बाजूने वार करतो. माणुसकी म्हणून पातं फिरवलं, तरी वार केलाच. मग यंत्राची सोंड आत येते, चाचपडते, त्या देहाला ओढून नेते. निवेदक कोळशाच्या कोठीत दडून राहतो. कादंबरीतला हा सगळ्यात काळा क्षण. वीर नसलेल्या निवेदकाचा खांब इथे पुरता दिसतो.

१९५३: शेतघर कोसळतं, आत शास्त्रज्ञ फॉरेस्टर आणि सिल्व्हिया. लवचिक नळीच्या टोकाला तीन रंगांच्या भिंगांचा डोळा, तो खोलीत डोकावतो. फॉरेस्टर कुऱ्हाडीने तो तोडतो आणि मंगळावरच्या जिवाचं रक्त मिळवतो. पुढे तपासणीत ते रक्त कमकुवत निघतं. माणसाने माणसाला मारणं इथे नाहीच. कुऱ्हाड आहे, पण ती शत्रूवर. आणि धर्मोपदेशक? तो सिल्व्हियाचा काका झाला आहे, धीराचा, बायबल हातात घेऊन यंत्रांसमोर चालत जाणारा. वेल्सचा भेदरट पाद्री इथे हुतात्मा झाला. दुसरा खांब पडला हे नक्की. पण रक्ताच्या नमुन्यामुळे शेवटाची पेरणी झाली, हे गुण द्यायलाच हवेत.

२००५: तळघर. इथला ऑगिल्व्ही म्हणजे कादंबरीतला उपदेशक आणि तोफखान्याचा सैनिक यांचं मिश्रण, नाव मात्र तिसऱ्याचंच, खगोलशास्त्रज्ञाचं. शोधक डोळा फिरतो तेव्हा नायक रे आणि त्याची मुलगी आरशाआड दडतात. पुढे ऑगिल्व्ही ओरडू लागतो. रे मुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो, तिला गाणं म्हणायला सांगतो आणि दार लावून आत जातो. आपण मुलीबरोबर बाहेर. आतलं दिसत नाही, थोड्या वेळाने रे एकटा बाहेर येतो. सिनेमात नायक मोठा तारा आहे, बाप आहे, बंदरावरचा क्रेनचालक आहे (मुरगावात उभा केला तरी शोभला असता), तरीही हा क्षण वगळलेला नाही. उलट पातं फिरवण्याची पळवाटही काढून घेतली आहे. माझ्या मते रूपांतर कसं करावं याचा हा उत्तम नमुना: तपशील सगळे बदलले, भार त्याच जागी.

याच पद्धतीने दुसरा प्रसंग तुम्ही करा, युद्धनौकेचा. दोन्ही सिनेमांत ती नाही. १९५३ मध्ये तिच्या जागी काय आलं (अणुबॉम्ब, आणि तोही निष्फळ), २००५ मध्ये निर्वासितांच्या फेरीबोटीचं काय होतं आणि वाचवायला कोण येतं, हे बघा. तिसऱ्या खांबाचं उत्तर तिथे आहे.

७. बदल कशामुळे, ते वेगळं करा

प्रत्येक बदलापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा: ‘न’ नाइलाज, ‘क’ काळ, ‘म’ मर्जी.

नाइलाजाचं चांगलं उदाहरण हल्लेखोरांचं शस्त्र, उष्णकिरण. कादंबरीत तो अदृश्य आणि निःशब्द आहे, माणसं नुसती पेटतात. पडद्यावर अदृश्य आणि मुका किरण दाखवला तर प्रेक्षकाला कोण कोणाला मारतंय तेच कळायचं नाही. म्हणून १९५३ मध्ये त्याला ठिणग्या आणि इलेक्ट्रिक गिटारच्या उलट्या सुरांतून घडवलेला आवाज मिळाला. तिपायी यंत्रांऐवजी तरंगणारी यंत्रं हाही तेव्हाचा नाइलाज. त्यावर पटकथेने ‘अदृश्य चुंबकीय पाय’ असं ठिगळ लावलं आहे, जमेल तसं.

काळाचं उदाहरण: कादंबरीतली वसाहतीची टोचणी स्पीलबर्गच्या प्रास्ताविकात नाही, टास्मानिया गाळला आहे. पण रेचा मुलगा शाळेसाठी निबंध कशावर लिहितोय ते ऐका: अल्जीरियावरचा फ्रेंच ताबा. आणि तळघरात ऑगिल्व्ही ‘परकी सत्ता टिकत नाही’ अशा अर्थाचं बोलतो. खांब बारीक झाला, तरी काढलेला नाही. बीबीसीने कथा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्येच ठेवली, साम्राज्याचा विषय उघड मांडला आणि एमी या स्त्रीला केंद्रस्थानी आणलं. तरी कालक्रम मागेपुढे करण्याच्या मर्जीने ताण सैल पडतो, हे माझं मत. तुम्ही तपासून बघा.

‘न’ला गुण कापायचे नाहीत, ठिगळ कसं लावलं ते बघायचं. ‘क’ला प्रश्न: नव्या काळात भार पेलला का? ‘म’ला मात्र पूर्ण हिशेब मागा.

८. गुणपत्रक

शंभरपैकी अशी वाटणी सोयीची पडते: चार खांबांना प्रत्येकी १०, शेवटाची पेरणी १५, बदलांची हाताळणी १५, आणि पुस्तक न वाचलेल्यासाठी सिनेमा म्हणून ३०. शेवटचे ३० पहिल्या पाहणीनंतर लगेच द्यायचे आणि नंतर बदलायचे नाहीत.

पेरणीचे १५ देताना २००५ मध्ये मुलीच्या बोटात गेलेलं कुसळ विसरू नका. बाप काढू बघतो, ती म्हणते, राहू दे, शरीरच ते बाहेर ढकलेल. तेव्हा ते वाक्य घरगुती वाटतं.

नेहमीचे घोटाळे

‘देव १९५३ वाल्यांनी घुसडला.’ अर्धंच खरं. चर्चमधला शेवट आणि प्रार्थना त्यांच्या. पण देवाने आपल्या शहाणपणात पृथ्वीवर ठेवलेले क्षुद्रतम जीव, हा शब्दप्रयोग कादंबरीतलाच आहे, दुसऱ्या भागाच्या आठव्या प्रकरणात.

‘प्रास्ताविक शब्दशः आहे, म्हणजे सिनेमा प्रामाणिक.’ पहिला परिच्छेद उचलणं सगळ्यात स्वस्त. त्यावर गुण नाहीत.

‘पहिला पाहिला तोच खरा.’ लहानपणी पाहिलेल्या सिनेमाला शक्यतो दुसऱ्याकडून गुण द्यायला लावा.

‘आज घडतं म्हणजे आधुनिक.’ २०२५ साली आलेल्या एका सिनेमात सगळा हल्ला संगणकाच्या पडद्यावरच दिसतो आणि शेवटच्या झटापटीत वस्तू घरपोच आणणारा ड्रोन कामी येतो. चौथा खांब त्यापुढे लावून बघा, गणित लगेच सुटेल.

मंडळाने मिळून करायचं असेल तर

पाच-सहा जण पुरे. खांब प्रत्येकाने घरी लिहून आणायचे आणि बंद पाकिटात ठेवायचे, गुणपत्रकंही चर्चेआधी गोळा करायची. एकदा मोठ्या आवाजाचा सभासद बोलला की बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे सरकतात. वाचनालयात किंवा सभागृहात सिनेमा दाखवायचा तर हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते, घरासाठी घेतलेल्या ओटीटी वर्गणीवर ते चालत नाही. परवानगी जमत नसेल तर सिनेमा ज्याने त्याने घरी बघावा आणि एकत्र जमून फक्त पडक्या घराची ती चार प्रकरणं मोठ्याने वाचावीत, दोघांनी आलटून पालटून. तासाभरात होतं, आणि वाचून झाल्यावर पाकिटं उघडायची.